हातांचं घर

हेरामाया प्रजापतीची चिना मी तीनदा उलगडली.
चिना म्हणजे पत्रिका, आमच्या भक्तपुरात.
लोक्त्याचा लांब कागद, हरताळाने पिवळा केलेला,
म्हणजे कसर लागत नाही.
अक्षर वडिलांचं. कोपऱ्यात गणपती,
उंदीर काढायचा राहून गेलेला.

पहिल्यांदा ती सून होऊन आली तेव्हा.
सगळं छान, म्हणालो.
दुसऱ्यांदा नवरा गेला आणि ती चाकावर बसली,
बाईने चाक फिरवायचं नसतं हे कुमाले टोलात
सगळ्यांचं सांगून झाल्यावर.
तिसऱ्यांदा या माघात.
तिने हात माझ्या पोथीवर ठेवले
आणि पोथी थरथरली.

चाळीस वर्षं या हातांनी
शेजारच्या अष्टमायाची मडकी आपल्या भट्टीत भाजून दिली
पेंढ्याची काडीही न मागता.
भूकंपाच्या रात्री डोक्यावरची ताडपत्री
कुणा अनोळखी बाळंतिणीवर टाकली
आणि आपण भिजत बसली.
हे तिने नाही सांगितलं. टोल सांगतो.

माती मध्यावर राहत नाही आता, म्हणाली.
काठमांडूच्या डॉक्टरने रोगाचं नाव सांगितलं,
कारण नाही.
कारण तुमच्याकडे असतं ना, जोशीबा?

असतं. माझ्याकडे नेहमीच असतं.
तिसरं घर हातांचं. त्याचा स्वामी आठव्यात जाऊन बसलेला,
वर शनीची दहावी नजर.
मी सराईतपणे म्हणालो, मागचं देणं आहे, बाई,
कुठल्या तरी जन्मी कुणाचा तरी हात दुखवला असशील,
भोगलं की संपतं.

वाटलं, रडेल. किंवा चारचौघींसारखी
विचारेल, खडा कुठला, किती रत्तीचा.
ती म्हणाली, कुणाचा?

कुणाचा हात?

ते कागदावर नसतं, मी म्हटलं.
म्हणजे रक्कम आहे तुमच्याकडे
आणि ज्याचं देणं त्याचं नावच नाही?

बाहेर कुणीतरी ओली मडकी उन्हाकडे सरकवत होतं.
मी चष्मा पुसला. तो स्वच्छ होता.

मी इथे आहे तर तोही असेल कुठेतरी,
ती म्हणाली, जरा स्वतःशीच.
त्याचा हात अजून दुखत असेल.
माझे थरथरले म्हणून त्याचा राहतो का?
मग हे फिटणं कसलं, जोशीबा.

दक्षिणा ठेवून गेली. नाणी मोजायला तिला वेळ लागला.

फाल्गुनापासून ती मडकी वाटत सुटली आहे.
दूधवाल्याला, पोलिसाला,
देवळाच्या पायऱ्यांवर झोपलेल्या पोराला,
वाट चुकलेल्या एका जपानी बाईला.
कुणाला, ते बघत नाही. पैसे विचारले तर
राहू द्या, म्हणते, जुनं आहे.
टोल म्हणतो, रोग डोक्यात गेला.

काल माझ्याही दारात.
आत दाट गोड दही, जुजु धौ,
आणि मडक्याची कड डुगडुगत गेलेली,
झोपेत काढलेल्या रेघेसारखी.
राहू द्या, म्हणाली. जुनं आहे.

रात्री वडिलांचं टिपण काढलं.
जन्मवेळ: कोंबडा आरवल्यावर.
कुठला कोंबडा, बाबा?
दोन घटका इकडेतिकडे
आणि हातांचं घर भलत्याच कुणाचं.

हरताळाची वाटी समोर होती.
चुकलेल्या अक्षरावर तो फासायचा, कागद पुन्हा कोरा,
असं शिकलो मी आठव्या वर्षी.
पण मागचं देणं हे मी लिहिलं नव्हतं,
बोललो होतो.
बोललेल्यावर हरताळ बसत नाही.

दही उभ्यानेच खाल्लं.
मग रिकाम्या खोलीत, आपला असलाच संबंध तर म्हणून,
मोठ्यांदा म्हणालो, फिटलं.
गल्लीत एक कुत्रं भुंकलं.

दही संपलं की इथे मडकं टाकून देतात.
मी धुऊन पालथं ठेवलंय.